सूर दुकानातच लागला पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अहिराणी गाण्यांना आज कोटींनी दर्शक मिळतात, पण त्यांतली ढोलकी, संबळ, सनई बहुतेक वेळा की-बोर्डातून किंवा ऑक्टोपॅडमधून येते, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि ती खरी आहे. स्टुडिओवाल्यांचे उत्तरही ठरलेले असते. खरी वाद्ये सुरात यायला दोन-दोन तास जातात आणि भाडे तर तासावर मोजायचे असते. तेही खरे आहे. पण याचा दोष वादकाच्या माथी मारला जातो, तो आम्हाला मान्य नाही. वाद्य स्टुडिओत पोचण्याआधीच तयार झालेले असले पाहिजे आणि ती तयारी करून देणे हे वाद्यांच्या दुकानाचे काम आहे. खान्देशातली फार थोडी दुकाने ते करतात. नामवंत गायक-वादकांचे काम घ्यायचे असेल तर ते कसे करावे लागते, हे वाद्ये विकणारे आणि दुरुस्त करणारे म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

आपल्याकडचे रेकॉर्डिंगचे वेळापत्रकच वाद्यांना सोसत नाही. लग्नसराईची आणि आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी फाल्गुन-चैत्रात होतात, तेव्हा हवा कोरडी ठाक असते. कानबाईच्या उत्सवाची गाणी श्रावणाच्या आधी, म्हणजे ऐन पावसात होतात. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो, आणि त्याच वाद्याला जुलैत ओल सोसावी लागते. त्यात कूलरची भर. तालीम घरी कूलरसमोर होते. कूलर हवेत पाणी सोडतो, चामडे ते शोषते आणि तबला उतरतो. वादक तो ठोकून वर चढवतो. मग वाद्य एसी स्टुडिओत जाते. एसी हवेतली ओल काढून घेतो, चामडे आवळते आणि तबला आपोआप चढू लागतो. अर्धे गाणे होईपर्यंत तो पेटीच्या (हार्मोनियमच्या) सुराच्या वर गेलेला असतो. कूलरच्या खोलीत लावलेला तबला स्टुडिओत टिकणार नाही, हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगायला हवे. वाद्य निदान तासभर आधी स्टुडिओत नेऊन गवसणी काढून ठेवायचे आणि सूर त्यानंतर लावायचा. एवढ्यानेच निम्मी भांडणे मिटतात.

पेटीपासून सुरुवात करतो, कारण तिचा सूर स्टुडिओत बसून बदलता येत नाही. मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, 440 हर्ट्झला असणे हे आजचे प्रमाण आहे. की-बोर्ड, गिटार आणि संगणकातले सगळे सूर तिथूनच मोजले जातात. गावागावांतल्या जुन्या पेट्या पुष्कळदा चढ्या असतात. पेटी 446 ला असेल तर फरक अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाव हिश्शाएवढा होतो. भजनात तो कोणाला जाणवत नाही. की-बोर्डाबरोबर मात्र पहिल्याच ओळीला दात आंबतात. म्हणून फोनवर नुसते ‘काळी एकची पेटी’ म्हणून भागत नाही. हर्ट्झचा आकडा विचारून वहीत लिहून ठेवावा. 440 च्या हिशेबात मधल्या सप्तकातली काळी एक म्हणजे 277.18 हर्ट्झ.

42 पट्ट्यांच्या दुहेरी पेटीत 84 सूर, म्हणजे पितळी जिभा, असतात, आणि रेकॉर्डिंगसाठी ते एकूण एक तपासावे लागतात. पितळी जीभ टोकाकडे घासली की वजन कमी होऊन सूर चढतो, मुळाशी घासली की जीभ मऊ पडून सूर उतरतो. घासताना जिभेखाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवायची, नाहीतर जीभ वाकते. दोन-तीन हलके हात मारून थांबायचे. घासण्याने पितळ तापते आणि तापलेले पितळ खोटा सूर दाखवते. सूर पेटीबाहेर फुंकून लावला आणि तसाच बसवला की बसल्यावर तो सरकतो, म्हणून शेवटची तपासणी पेटीतच आणि गायकाला साथ देताना असतो तेवढ्याच दाबाने करायची. भाता जोरात दाबला की सूर किंचित पडतो. जोरात भाता मारून लावलेली पेटी हळू वाजवताना चढी लागते. एवढे झाले की पेटी रात्रभर ठेवावी आणि सकाळी पुन्हा पाहावी, कारण घासलेले सूर रात्रीत थोडे हलतातच. आज आणून द्या, संध्याकाळी घेऊन जा, असे सांगणाऱ्याकडे रेकॉर्डिंगची पेटी देऊ नये.

खर्ज आणि नर या जिभांच्या दोन ओळींमध्ये काही कारागीर मुद्दाम थोडा फरक ठेवतात. त्याने आवाजाला लहर येते आणि मैफलीत ती गोड वाटते. माइकसमोर तीच लहर गायकाच्या लांब सुराशी भांडते. म्हणून रेकॉर्डिंगच्या पेटीत दोन्ही ओळी लहर पूर्ण थांबेपर्यंत जुळवायच्या.

मग सूर सोडून बाकीचे आवाज. पट्ट्यांची खटखट, भात्याचा सुस्कारा, सैल स्क्रूची थरथर, या गोष्टी सभागृहात ऐकू येत नाहीत, पण चांगल्या माइकला सगळे ऐकू येते. पट्टीखालची बनात (लोकरी कापड) झिजली असेल तर बदलावी, बिजागरीला मेण लावावे. भाता पूर्ण भरून, सगळे खुंटे बंद करून सोडावा. अर्धा मिनिट तो बसू नये, हा आमचा निकष. त्याआधी बसला तर गळती आहे. उन्हाळ्यात लाकूड आकसून सांधे उघडतात, तिथूनच बहुधा हवा जाते. पावसाळ्यात उलटे होते, पट्ट्या फुगून अडकतात. अशा वेळी घाईने पट्टी तासू नये, दिवाळीनंतर ती ढिली होऊन डुलायला लागते. पेटी बंद खोलीत, शंभर वॉटच्या जुन्या बल्बपासून हातभर लांब एक दिवस ठेवली की बहुतेक पट्ट्या आपणहून सुटतात. एखादा सूर एकदम मुका झाला तर कानस हातात घेण्याआधी जिभेखाली धुळीचा कण अडकला आहे का ते पाहावे. दहापैकी आठ वेळा तेवढेच असते. आणि उंदीर. भात्याचे चामडे आणि सरस त्यांना फार आवडतो.

बासरीचे गणित पेटीच्या उलटे आहे. पितळी सूर उष्णतेने अगदी किंचित उतरतात, पण बासरीतली हवा तापली की सूर चढतो. नळीतल्या हवेचे तापमान 10 अंशांनी वाढले तर सूर अर्ध्या स्वराच्या पाव हिश्शाहून थोडा जास्त चढतो. श्वासाने नळीतली हवा बरीचशी सारखी राहते, म्हणून प्रत्यक्षातला फरक एवढा मोठा नसतो. तरीही थंड स्टुडिओत नुकतीच काढलेली बासरी उतरलेलीच बोलते. पाच मिनिटे फुंकून ती गरम करावी आणि मगच ‘बेसूर आहे’ असा निकाल द्यावा.

तबल्याकडे दुकानाने सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवे. तोंडाचा घेर लहान तसा सूर वर. ढोबळ मानाने 5 ते सव्वापाच इंची तबला काळी एक आणि त्याच्या वरच्या सुरांना, साडेपाच इंची पांढरी एक ते काळी एक, आणि पावणेसहा ते 6 इंची खालच्या, म्हणजे पांढरी सहा किंवा काळी पाचच्या सुराला बरा. गायिका काळी चारमध्ये गात असेल आणि दुकानात त्या सुराचा तबला नसेल तर काळी एकचा तबला द्यावा, तो तिचा मध्यम होतो. काळी तीनमधल्या गायकाला हाच तबला पंचमाचा होतो. गाण्यात मध्यम लागतो की पंचम, एवढे आधी विचारून घ्यावे. दुकानात तीन घेरांचे पाच-सहा चांगले तबले आणि त्याच घेरांच्या बसवलेल्या पुड्या (तोंडावरची तयार चामडी) असल्या तर कोणत्याही गायकाला नाही म्हणायची वेळ येत नाही.

नव्या पुडीवर रेकॉर्डिंग कधीच करू नये. वादी (पुडी आवळणारी चामड्याची पट्टी) ताणून बसायला आठ-दहा दिवस रोज वाजवावे लागते, तोवर सूर दर दहा मिनिटांनी खाली येतो. मोठा फरक वादीखालच्या लाकडी गठ्ठ्यांनी काढायचा, बारीक फरक पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यावर हातोडी मारून. वरून मारले की चढतो, खालून मारले की उतरतो. एक घर (गजऱ्यावरची दोन वाद्यांमधली जागा) ठोकले की त्याच्या समोरचे घर ठोकायचे, असे फिरत सोळाही घरे एका सुरात आणायची. मूळ सुरापासून अर्ध्या स्वरापलीकडे चढवू नये. मे महिन्यात, ओढलेल्या अवस्थेत रात्रभर ठेवलेली पुडी सकाळी चाटेजवळ, म्हणजे काठाच्या पट्टीजवळ, फाटलेली सापडते. फोनवरच्या ट्यूनरने तबला लावणारे पुष्कळ झाले आहेत. त्यात अडचण ही की चाटेवरच्या ‘ना’ मध्ये वरचे स्वर जोरात असतात आणि ट्यूनर त्यांच्यातला एखादा पकडतो. ट्यूनरचा आकडा तंबोऱ्याशी किंवा पेटीशी कानाने ताडून पाहावा.

शाईविषयी, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाविषयी, थोडे जास्त लिहितो. तबल्याला एकच निश्चित सूर मिळतो तो शाईमुळे. मधल्या वजनामुळे चामड्याचे वरचे स्वर मूळ सुराशी सरळ पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले होते. शाईचा थर सरकला, दाणा सुटला किंवा तिला भेग गेली की हे नाते मोडते. मग गजरा कितीही ठोकला तरी तबला ‘लागत’ नाही. अशा तबल्यावर वादक घाम गाळतो आणि स्टुडिओवाला घड्याळ पाहतो. दुकानदाराने पुडी कानाजवळ धरून शाईवर बोटाने हलके टिचकावे. करकर ऐकू आली तर ती पुडी भजनाला चालेल, रेकॉर्डिंगला नाही. हाताला लावायची पावडर शाईच्या बारीक भेगांत बसते आणि आवाज मंदावतो, म्हणून स्टुडिओत पावडर अगदी कमी वापरावी. शाईचे चांगले काम करणारे हात आपल्या तीन जिल्ह्यांत मोजकेच उरले आहेत. लोहभुकटी आणि पेज यांचा थरावर थर चढवून तो दगडाने घोटणे हे बघून शिकायचे काम आहे, आणि ते शिकणारी मुले दिसत नाहीत.

ढोलकीत नट-बोल्टची आली आणि सूर लावणे सोपे झाले, पण चुकाही वाढल्या. पाना घेऊन एकच बोल्ट आवळत सुटायचे नाही. समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेऱ्याने आवळायचे. बोल्टखाली रबरी वायसर नसेल तर थापेबरोबर किणकिण येते, आणि माइक ती किणकिण ढोलकीपेक्षा मोठी करून दाखवतो. काम संपले की सगळे बोल्ट अर्धा फेरा ढिले करावेत. उन्हात गाडीत राहिलेल्या ढोलकीचा धुमेच्या (खर्जाच्या तोंडाच्या) आतला मसाला पातळ होऊन एका बाजूला ओघळतो आणि घुमारा जातो. तो मसाला पुन्हा लावावाच लागतो, आवळून घुमारा परत येत नाही. हलगी शेकोटीवर तापवायची सवय स्टुडिओत चालत नाही, त्यासाठी साधी विजेची शेगडी आणि हातभराचे अंतर पुरे होते. संबळाचा आवाज फार तीक्ष्ण, त्याला माइक निदान तीन फूट लांब लावायला सांगावे. जवळ लावला की नुसता कडकडाट येतो, बायाचा, म्हणजे खर्जाच्या भांड्याचा, घुमारा येतच नाही.

पावरीबद्दल मुद्दाम लिहायला हवे. नंदुरबारकडच्या आणि साक्री पट्ट्यातल्या आदिवासी वादकांची ही पावरी सुका भोपळा, बांबूच्या नळ्या, शिंग आणि मेण यांची असते. मेणाने जोडलेले वाद्य तापले की सांधे सैल होतात. मधमाशीचे मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळते, मऊ त्याच्या खूप आधी पडते, आणि मे महिन्यात काचा लावलेल्या गाडीत तेवढी उष्णता सहज होते. पावरी पाठवायची तर पहाटे, ओल्या फडक्यात नव्हे तर सुक्या गोधडीत गुंडाळून पाठवावी. तिचा सूर तिच्या भोकांनी ठरलेला असतो, तो 440 च्या हिशेबात बसत नाही आणि बसवायला जाऊही नये. इथे स्टुडिओवाले उलट वागतात. की-बोर्डावर आधी सगळे गाणे बांधतात आणि मग पावरीवाल्याला बोलावून सांगतात की तुमचे वाद्य बेसूर आहे. ज्या वाद्याचा सूर बदलता येत नाही त्याचा सूर पहिल्यांदा मोजायचा. पावरी, मग सनई, मग पेटी. की-बोर्डाचा मूळ सूर हर्ट्झमध्ये वर-खाली करता येतो, 440 च्या आसपास एक हर्ट्झ म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण पंचविसावा भाग. तबला, ढोलकी, गिटार त्यांच्यामागून येऊ शकतात. पावरी येऊ शकत नाही. गाणे बांधण्याआधी पावरीचा ‘सा’ मोजून स्टुडिओला कळवणे हे काम दुकानाने घेतले तर हे वाद्य गाण्यांतून हद्दपार होणार नाही.

तंबोरा भाड्याने देणाऱ्याला जवारीची, म्हणजे घोडीवर तार झणकारण्याच्या ठेवणीची, जाण असावी लागते. घोडीवर तारांचे चरे पडले की आवाज पत्र्यासारखा होतो. चरे घासून काढायला हात बसलेला लागतो, नाहीतर जीव (तारेखालचा दोरा) कुठेही सरकवला तरी जवारी उघडत नाही. आपल्याला मिरजेच्या कारागिरांचा आधार आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण दर वेळी भोपळा एवढ्या लांब पाठवणे परवडत नाही, आणि प्रवासात तडा जाण्याची भीती असते. निदान जवारी करणारा एक माणूस जळगावला आणि एक धुळ्याला हवा. दर जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो, बाहेरचे मोठे कलावंत येतात. ऐन वेळी तार तुटली, जवारी बसली तर हाक मारायला जवळचा माणूस नको का?

गिटारला आपला उन्हाळा मारतो. हवेत निम्म्याच्या आसपास ओल असावी अशा हिशेबाने ती बनते, आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ओल कितीतरी खाली जाते. गिटारच्या केसमध्ये ओल्या स्पंजची सच्छिद्र डबी ठेवावी. मानेतल्या सळईचा नट एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये. तारा रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी बदलाव्यात, त्याच दिवशी नाही.

विजेच्या वस्तूंत अडाप्टर सगळ्यात जास्त घात करतो. यामाहाच्या की-बोर्डांना बहुधा पिनच्या मध्ये धन लागते, रोलंडच्या ऑक्टोपॅडला आणि जुन्या कॅसिओला मध्ये ऋण. पिन बसते म्हणून लावला तर वाद्य जळते किंवा चालूच होत नाही. खोबणीजवळचे चित्र पाहिल्याशिवाय अडाप्टर विकू नये. बनावट माइकही खूप फिरतात. शुअर एसएम 58 चे वजन 298 ग्रॅम असते. किराणावाल्याच्या काट्यावर टाकले तरी कळते, नकली बहुधा हलका निघतो. बहुतेक कंडेन्सर माइक मिक्सरमधून 48 व्होल्ट मिळाल्याशिवाय बोलत नाहीत, ‘बिघडलेले’ म्हणून परत आलेले बरेच माइक त्या एका बटणासाठी आलेले असतात.

नामवंत कलावंत दुकानात पुन्हा येतो तो सवलतीसाठी नाही. आपले वाद्य दिल्यासारखेच परत मिळेल, ही खात्री त्याला हवी असते. त्यासाठी प्रत्येक वाद्याची वही ठेवावी: तारेचा नंबर, पुडीचा घेर, हर्ट्झ, मागच्या वेळी काय केले आणि केव्हा. सांगितले तेवढेच करावे. जवारी थोडी उघडा म्हटले तर थोडीच उघडावी, आपल्या कानाला गोड लागेपर्यंत नाही. दुरुस्तीची मजुरी वेगळी आणि लिहून घ्यावी, विक्रीत मिसळली की ती फुकटात जाते आणि कारागीर टिकत नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी दुकानाचा माणूस पहिला अर्धा तास स्टुडिओत थांबावा, हातोडी, पाना, वादी, तारा आणि एक सुटी पुडी बरोबर घेऊन. आणि तिथे ऐकलेले गाणे फोनमध्ये घेऊन बाहेर आणू नये. प्रसिद्ध होण्याआधी एक ओळ जरी फुटली तरी तो कलावंत त्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

शेवटी खरेदी करणाऱ्यांना एक विनंती. शाळांना आणि भजनी मंडळांना वाद्ये वाटण्यासाठी ठोक खरेदी होते तेव्हा सर्वांत कमी दर एवढाच निकष असतो. त्या पेट्या कारखान्यातून निघतात तशाच गावी पोचतात, कोणी सूर तपासत नाही, आणि पहिल्या पावसात मुक्या होतात. निविदेत तीन ओळी वाढवाव्यात: पेटी 440 ला लावून द्यावी, तबला-ढोलकीबरोबर त्याच घेराची एक जादा पुडी द्यावी, आणि तीन महिन्यांनी एकदा कारागिराने गावी जाऊन वाद्य तपासावे. दर थोडा वाढेल, पण शाईवाल्याला आणि पेटीवाल्याला वर्षभर काम मिळेल. आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम आहेच. त्याला जोडून सहा महिन्यांचा वाद्यदुरुस्तीचा वर्ग जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तिन्ही ठिकाणी सुरू करावा, अशी आमची मागणी आहे. शिकवायला आजचे कारागीर तयार आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जणांचे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे.

आपले,
वाद्यविक्रेते व वाद्यदुरुस्ती कारागीर,
खान्देश